मॉरिशसची एन्ट्री फुकट आहे, व्हिसाच्या नावाखाली कुणाला पैसे देऊ नका

सरळच सांगते. भारताच्या पासपोर्टवर मॉरिशसला फिरायला जायचं असेल तर इथनं व्हिसा काढून जायला लागत नाही. तिथं एअरपोर्टवर उतरलं की कागद बघतात, स्टॅम्प मारतात आणि आत सोडतात, त्याची फी शून्य, आणि टुरिस्ट म्हणून ६० दिवसांपर्यंत राहता येतंय. हे काल-परवा सुरू झालेलं नाही, २००४ पासूनचं आहे. आणि तरीसुद्धा आमच्या बेळगावात अजून "मॉरिशस व्हिसा प्रोसेसिंग" म्हणून माणशी अडीच हजार कोटेशनमध्ये टाकणारी माणसं आहेत, आणि ते मुकाट्यानं भरणारी पण आहेत, कारण परदेश म्हटलं की व्हिसा आलाच आणि व्हिसा म्हटलं की पैसे आलेच असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून सविस्तर लिहितेय. मॉरिशस सरकारची एन्ट्रीची सर्व्हिस कशी आहे आणि इथल्या एजंटची कशी आहे, दोन्हीचा रिव्ह्यू समजा.

आम्ही गेलो ते आमच्या भिशीतल्या काही फॅमिली मिळून, दिवाळी झाल्यावर. टिळकवाडी-अनगोळची घरं, एक खानापूरचं, एक निपाणीचं. म्हातारी माणसं पण होती, शाळेची पोरं पण. सगळ्यांचे कागद बघायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी पतसंस्थेत आहे आणि दुसऱ्याचे फॉर्म तपासणं हे माझं रोजचंच काम. तिकीट आणि हॉटेल आम्ही एका एजंटकडनं घेतलं, नाव लिहीत नाही, कारण हे एकट्या त्याचंच नाही, आम्ही विचारलं त्या बहुतेकांच्या कोटेशनमध्ये थोड्याफार फरकानं हेच होतं.

तर कोटेशन आलं व्हॉट्सॲपवर. तिकीट, हॉटेल, गाडी हे ठीक. खाली बारीक अक्षरात चार ओळी वेगळ्या. व्हिसा प्रोसेसिंग, अरायव्हल फॉर्म चार्जेस, ईसीआर क्लिअरन्स, आणि शेवटी नुसतंच गव्हर्नमेंट टॅक्स. मी फोन केला, म्हटलं व्हिसाची फी मॉरिशसचं सरकार घेतंय का तुम्ही घेताय, सरकार घेत असेल तर त्याची पावती द्या. तर म्हणाला, "ओ मॅडम, तुम्ही कशाला टेन्शन घेताय, आम्ही करून देतो की सगळं." म्हटलं करून काय देताय ते तरी सांगा. त्यावर उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी सुधारित कोटेशन आलं त्यातनं पहिल्या तीन ओळी गायब होत्या. एका फोनमध्ये गायब होणारी फी असेल तर ती फी नव्हतीच. ह्याचा मला खरंच राग आला, माझ्यासाठी नाही, आमच्याच गल्लीतल्या एका रिटायर्ड मास्तरांनी मागच्या वर्षी असेच पूर्ण घरादाराचे पैसे भरलेत आणि त्यांना आजपर्यंत वाटतंय की ते व्हिसाचेच होते.

एकेक ओळ सांगते म्हणजे तुमच्या कोटेशनमध्ये आली तर ओळखता येईल.

व्हिसाचं वर सांगितलं. अरायव्हल फॉर्म म्हणजे मॉरिशस सरकारचा ऑनलाइन फॉर्म आहे, त्याचं नाव "ऑल इन वन ट्रॅव्हल डिजिटल फॉर्म", पूर्वी विमानात कागदाचं कार्ड भरायला द्यायचे आणि तब्येतीचा फॉर्म वेगळा, ते सगळं आता एकत्र केलंय. हा पण फुकट. सरकारी साइटच्या पत्त्यात शेवटी जीओव्हीएमयू डॉट ओआरजी असतंय, तेवढं बघा. गुगलवर शोधलं की सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या, झेंडा-बिंडा लावलेल्या दुसऱ्या साइट वर येतात आणि शेवटच्या पानावर कार्ड नंबर मागतात, तिथनं लगेच बाहेर पडा. खरा फॉर्म कुठंच पैसे मागत नाही.

ईसीआर क्लिअरन्स. ह्याच्यावर जरा थांबते कारण आपल्याकडं ह्याच्यावर माणसं फार घाबरतात. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतंय, म्हणजे नोकरीला ठराविक देशांत जाताना सरकारची परवानगी लागते. आमच्या निपाणीच्या वहिनी आठवीपर्यंत शिकलेल्या, त्यांच्या पासपोर्टवर ते आहे, आणि एजंटनं त्यांना सांगितलं की क्लिअरन्स नसेल तर मुंबईतनं परत पाठवतील. वहिनी दोन रात्री झोपल्या नाहीत हो. खरं काय, तर ती परवानगी फक्त कामाला जाणाऱ्यांसाठी आहे आणि ती पण आखाती देश, मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड असल्या १८ देशांच्या यादीसाठी, त्यात मॉरिशस नाहीच. आणि फिरायला जाणाऱ्याला तर यादीतल्या देशात जायला पण ती लागत नाही. मुंबईत वहिनींना त्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. शिकलेल्या नसलेल्या बाईला भीती घालून पैसे काढणं हे मला सगळ्यात वाईट वाटलं. पैसा किती हा प्रश्नच नाही.

गव्हर्नमेंट टॅक्स म्हणजे टीसीएस, पैसे घेतानाच कापून सरकारला भरायचा टॅक्स, तो मात्र खरा आहे. परदेशी टूर पॅकेजवर एजंटला तो कापावाच लागतोय, आमच्या वेळी पाच टक्के होता. पण तो तुमच्या पॅन नंबरवर जमा होतो आणि रिटर्न भरताना तुमच्या टॅक्समध्ये वळता होतो, किंवा टॅक्स बसत नसेल तर परत मिळतो. म्हणून पॅन द्या, बिलावर टीसीएस असा स्पष्ट लिहून घ्या, आणि नंतर २६ एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा टॅक्सच्या सरकारी उताऱ्यात, दिसतोय का बघा. नुसतं "गव्हर्नमेंट टॅक्स" लिहिलेलं बिल घेऊ नका.

आता फॉर्म. प्रवासाच्या आधी भरायचा, नाव, पासपोर्ट नंबर, फ्लाइट नंबर, कुठं उतरणार त्या हॉटेलचा पत्ता, आधी कुठल्या देशात होता, ताप-खोकला वगैरे आहे का असले प्रश्न. भरला की ईमेलवर क्यूआर कोड येतो. मोबाइलवरनं पण होतोय पण मी लॅपटॉपवर भरला, बरं पडतंय. एक गोष्ट सांभाळा, नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं. आपल्या भागात ही भानगड जास्त आहे, कारण शाळेचा दाखला मराठीतनं, आधार-रेशन कार्ड कन्नडमधनं इंग्रजीत आलेलं, एकाच माणसाच्या नावात एका ठिकाणी टी आणि दुसऱ्या ठिकाणी टीएच. आमच्या खानापूरच्या काकांचं तसंच होतं, आधारवर एक आणि पासपोर्टवर एक, आणि एजंटनं तिकीट आधार बघून काढलेलं. ते मी वेळेत बदलून घेतलं. तिकीट, फॉर्म, हॉटेलचं बुकिंग, सगळं पासपोर्टप्रमाणेच पाहिजे, आधार तिथं कोणी बघत नाही.

आणि पासपोर्टच नसेल तर त्याला पण एजंट लागत नाही. आता बेळगावातच पोस्टात पासपोर्टचं केंद्र आहे, पूर्वीसारखं उठलं की हुबळी असं नाही. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, ऑनलाइन भरायची, तारीख घ्यायची, ओरिजिनल कागद घेऊन जायचं. पासपोर्ट आधीच असेल तर तारीख बघा, परत येईपर्यंत संपत नसला तरी सहा महिने तरी शिल्लक असलेला बरा, एअरलाइनवाले काउंटरवर ते बघतात आणि तिथं रात्री दोन वाजता कुणाशी वाद घालत बसणार.

कागदांचं म्हणाल तर मॉरिशसला मोजक्याच गोष्टी लागतात. परतीचं कन्फर्म तिकीट, हॉटेलचं बुकिंग, आणि खर्चाला पैसे आहेत ह्याचा पुरावा. पैशाचा त्यांचा हिशोब माणशी दिवसाला १०० डॉलर असा आहे, म्हणजे तेवढी रोकड खिशात घालून न्यायची असं नाही, कार्ड, फॉरेक्स कार्ड, बँकेचं स्टेटमेंट चालतंय. आमच्यापैकी प्रत्येकाला विचारलं नाही पण विचारायचा त्यांना हक्क आहे, म्हणून मी सगळ्यांची स्टेटमेंट छापून घेतली होती. पोर आजी-आजोबांबरोबर जात असेल आणि आईबाप बरोबर नसतील तर संमतीपत्र जवळ असू दे. नातेवाइकांकडं राहणार असाल तर त्यांचा पूर्ण पत्ता आणि फोन लिहून ठेवा, "पाहुण्यांकडं" एवढं सांगून भागत नाही.

बेळगावहून रात्रीच्या स्लीपरनं मुंबई, तिथनं थेट विमान, सहा-साडेसहा तास. घड्याळ दीड तास मागं करायचं. विमान उतरतं ते बेटाच्या दक्षिण-पूर्वेला, राजधानी पोर्ट लुई तिथनं बरीच लांब, दुसऱ्या टोकाला, त्यामुळं हॉटेल कुठल्या बाजूला आहे ते बघूनच गाडी ठरवा.

काउंटरचा अनुभव, ज्यासाठी मी खरं हे लिहायला घेतलं. दोन-तीन विमानं एकदम उतरलेली, रांग मोठी, जवळजवळ तासभर उभं राहायला लागलं आणि म्हाताऱ्यांना ते जड गेलं, ह्याचे थोडे मार्क कापले. पण रांग सरळ होती, कुणी मधनं घुसलं नाही, कुणी बाजूला बोलावून "काय ते बघा" असं केलं नाही. आमच्या सासूबाई पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेल्या. बटव्यात हॉटेलचं व्हाउचर चार घड्या करून ठेवलेलं, पासपोर्टला प्लॅस्टिकचं कव्हर, त्यात कपिलेश्वराचा अंगारा. काउंटरवरच्या ऑफिसरनं हिंदीत विचारलं, अम्मा, किसके साथ आयी हैं. सासूबाईंनी मराठीतच सांगितलं, "लेक-सून आल्यात की मागं." त्यानं मागं बघितलं, मला हातानं पुढं बोलावलं, दोघींचे कागद एकत्र बघितले, व्हाउचरची घडी स्वतः उलगडली आणि वाचून झाल्यावर परत तशीच घालून दिली. परतीची तारीख विचारली, अंगठ्याचा ठसा-फोटो झाला, स्टॅम्प. पैशाचा विषयच नाही. स्टॅम्पवर कुठल्या तारखेपर्यंत राहता येईल ते लिहिलेलं असतंय, काउंटर सोडायच्या आधी ते वाचून घ्या, कारण ६० दिवस ही वरची मर्यादा झाली, तुम्हाला किती द्यायचे ते ऑफिसर तुमचं तिकीट-बुकिंग बघून ठरवतो. जास्त राहायचं झालं तर तारीख संपायच्या आधी पोर्ट लुईच्या पासपोर्ट अँड इमिग्रेशन ऑफिसात अर्ज करायचा.

इतक्या साध्या पद्धतीनं, अदबीनं आत घेणारा देश आहे हा. मुद्दाम सांगते कारण आमच्यातल्या सगळ्यांनाच मनात धाकधूक होती.

पुढं कस्टम. इथं मात्र ते फार कडक आहेत आणि असायलाच पाहिजेत. ताजी फळं, भाज्या, फुलं, रोपं, कलमं, बी-बियाणं काहीही परमिटशिवाय नेता येत नाही, सांगायचं राहिलं तर जप्त होतंय आणि दंड वेगळा. सासूबाईंनी गंगा तलावासाठी नारळ, बेलाची पानं आणि तुळशीच्या मंजिऱ्या बॅगेत भरलेल्या, त्या मी घरीच काढून ठेवल्या, त्यांना वाईट वाटलं, पण तिथं पूजेचं सगळं मिळतंय. गंगा तलाव म्हणजे ग्रँड बासँचं तळं, १९७२ मध्ये तिथं आपल्या गंगेचं पाणी आणून घातलं आणि महाशिवरात्रीला सगळ्या बेटावरनं माणसं चालत येतात. तळ्याकाठी बसून सासूबाईंनी तिथल्याच नारळानं पूजा केली आणि समाधानानं परतल्या.

खानापूरचे काका उसाचे शेतकरी. सगळं बेट उसानं भरलेलं बघून त्यांना बेणं घेऊन यायचं होतं, दोन कांड्या तरी, पिशवीत घालून. आता हे लक्षात घ्या, उसाचे रोग बेण्यातनंच पसरतात, म्हणून मॉरिशस बाहेरचा ऊस आत येऊ देत नाही आणि भारतात पण परमिट आणि क्वारंटाइनशिवाय बेणं आणता येत नाही. तिथं उसाच्या संशोधनाची मोठी संस्था आहे, इथं बेळगावात निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे, बेण्याची देवाणघेवाण व्हायची ती असल्या संस्थांतनं. काकांना ते पटलं. मग त्यांनी एका शेताच्या बांधावर उभं राहून सरीचं अंतर पावलांनी मोजलं, शेतातनं वेचून काढलेल्या काळ्या दगडांचे ढीग रचलेत त्याचे फोटो काढले आणि तिथल्या माणसाला तोडणीची विचारपूस केली, खुणांनी आणि हिंदीतनं. त्यांची ट्रिप त्या एका दुपारीच वसूल झाली म्हणाले.

औषधांचं पण लिहिते, हे कुणी सांगत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या असू देत, पण मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. झोपेच्या, नसांच्या, जोरकस दुखण्याच्या गोळ्या तर चिठ्ठीशिवाय नेऊच नका, नशेच्या पदार्थांचा कायदा तिथं फार कडक आहे. इतका की सिगारेट वळायचा कोरा कागद जवळ सापडला तरी गुन्हा. पोरांच्या बॅगा एकदा स्वतः बघून घ्या. आणि मॉरिशसनं मलेरिया घालवलाय, तो परत येऊ नये म्हणून भारतासारख्या देशातनं आलेल्यांवर त्यांच्या आरोग्य खात्याचं लक्ष असतंय, कुणी हॉटेलवर येऊन विचारपूस केली, बोटातनं रक्त घेतलं तर घाबरू नका, ते त्यांचं नेहमीचं काम आहे.

पैशाचं थोडक्यात. तिथला पण रुपयाच, मॉरिशियन रुपया, आपल्यापेक्षा वरच्या भावाचा. २०२४ च्या फेब्रुवारीपासून यूपीआय आणि रुपे तिथं सुरू झालंय पण सगळीकडं चालेल असं धरून जाऊ नका, रोकड आणि कार्ड ठेवा. २०२५ च्या १ ऑक्टोबरपासून टुरिस्ट फी सुरू झालीय, १२ वर्षांवरच्या माणसाला रात्रीला ३ युरो, ती राहण्याच्या ठिकाणी घेतात. ही खरी सरकारी फी आहे, तिच्यावरनं हॉटेलवाल्याशी भांडू नका, पण एजंटनं ती आधीच घेतली असेल तर हॉटेलनं परत मागितल्यावर बिल दाखवा.

आता थोडं वेगळं. पोर्ट लुईला गेलात तर आप्रवासी घाट बघितल्याशिवाय येऊ नका. युनेस्कोनं २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून घेतलाय. १८३४ पासून आपल्या देशातली माणसं करारावर उसाच्या मळ्यात कामाला तिथं नेली, साडेचार लाखांच्या आसपास, आणि समुद्रातनं वर यायच्या १६ दगडी पायऱ्या अजून आहेत. मुंबई बंदरातनं गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची मराठी माणसं होती, म्हणजे आमच्या घाटाखालचीच. त्यांना नंबर मिळायचा, पुढं पुढं तर फोटो काढून ओळखपत्र द्यायला लागले, ते सोबत नसेल तर मळ्याबाहेर पाऊल टाकणं मुश्कील. ती रजिस्टरं अजून मोका नावाच्या गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलीत, घराण्याचा शोध घ्यायला लोक तिथं जातात. मी त्या पायऱ्यांपाशी बराच वेळ उभी होते. काउंटरवर आम्हाला जे मानानं आत घेतलं त्याचं मोल तिथं कळलं. ज्यांना नंबर लावून उतरवलं त्यांच्याच पणतू-खापरपणतूंच्या हातात आज तो स्टॅम्प आहे. आणि गणेश चतुर्थीला तिथं सगळ्या देशाला सुट्टी असते, तिथल्या मराठी लोकांनी ती परंपरा एवढ्या पिढ्या टिकवली. ज्यांचे पूर्वज इकडनं गेले त्यांच्यासाठी आपल्या सरकारनं पण २०२४ मध्ये ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, सातव्या पिढीपर्यंत खुलं केलंय, चांगली गोष्ट झाली.

काही जण विचारतील मालदीव-सेशेल्सचं काय. मालदीवला पण व्हिसा पोहोचल्यावर फुकट मिळतो, त्यांचा आयमुगा नावाचा फॉर्म आहे, तो विमानाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा, तो पण फुकट. पण दारू, डुकराचं मांस आणि पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत, म्हाताऱ्यांच्या बटव्यात देव असतात ते आधीच सांगून ठेवा. सेशेल्सला व्हिसा नाही पण आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते आणि तिला फी आहे. म्हणजे "बेटावरचे सगळे देश सारखेच" असं धरून चालू नका.

मॉरिशसच्या सर्व्हिसला माझ्याकडनं पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो रांगेचा, आणि फॉर्मचा. फॉर्म इंग्रजी न येणाऱ्या माणसाला एकट्याला भरता येत नाही. एवढी हिंदी-भोजपुरी बोलणारी, मराठी शिकवणारी माणसं तिथं आहेत, हिंदीत एक फॉर्म केला तर किती घरांचं काम होईल. म्हाताऱ्यांसाठी वेगळी रांग सगळ्यांना दिसेल अशी पाटी लावून ठेवली तर आणखी बरं. एजंटला तिकीट-हॉटेलच्या कामाचे तीन देते, गाडी वेळेवर होती, हॉटेल सांगितलं तेच मिळालं, पण व्हिसाच्या नावाखाली जे केलं त्याचा एक पण नाही.

पुण्यात आयटीत असून घरनं काम करणारी आपल्याकडची बरीच पोरं आहेत, त्यांच्यासाठी तिथं प्रीमियम व्हिसा म्हणून आहे, एक वर्षाचा, त्याला पण फी नाही, महिन्याचं १५०० डॉलरचं उत्पन्न मॉरिशसच्या बाहेरनं येतं हे दाखवायला लागतं.

आणि शेवटचं, हे लिहायला मी आल्यापासून विचार करतेय. येळ्ळूरच्या एका ओळखीच्या बाई परवा विचारत होत्या, पोराला एकजण मॉरिशसला हॉटेलात कामाला लावतो म्हणतोय, आधी टुरिस्ट म्हणून जा, तिथं गेल्यावर परमिट करून देतो, दीड लाख द्या. मी त्यांना स्पष्ट नाही म्हणून सांगितलं आणि इथं पण सांगते. टुरिस्ट स्टॅम्पवर तिथं काम करणं गुन्हा आहे. वर्क परमिटचा अर्ज तिथला मालक करतो, परमिट मंजूर झाल्यावर माणूस जातो, उलटं नाही. परदेशात कामाला पाठवणाऱ्या एजंटकडं भारत सरकारचं लायसन्स पाहिजे, त्याचा नंबर सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर तपासता येतो, आणि कायद्यानं त्याला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी ह्याच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. नंबर मागा, पावती मागा. नंबर देत नसेल तर पोराचा पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका, आणि दिला असेल तर आजच्या आज परत घेऊन या.